‘देवमाणूस’ हा शब्द काढून टाक

भवानी पेठ, सोलापूर

चि. सोनू हिस,


डॉक्टरांच्या वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला, शांतपणे वाचला. मनापासून लिहिला आहेस यात शंका नाही. पण ‘देवमाणूस’, ‘सेवाव्रती’, ‘ऋषितुल्य’ हे शब्द काढून टाक. आपल्याकडे कुणीही गेलं की चौकातल्या फलकावर हेच शब्द लागतात, आणि त्यांतून डॉक्टर दिसत नाहीत. नव्वदी ओलांडून गेलेला हा माणूस आयुष्यभर या पेठेतल्या लोकांच्या तोंडात डोकावत राहिला. तिथे त्याने काय पाहिलं आणि काय केलं, ते लिही. तू स्वतः दातांची डॉक्टर आहेस म्हणून तर त्यांच्या मुलाने हे काम तुझ्यावर सोपवलं. स्तुती काय, आम्हीही लिहिली असती.

सुरुवात जन्मगावापासून आणि आईवडिलांपासून नको, दुखऱ्या दाढेपासून कर. तेव्हा दाढ ठणकली की लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, आणि अगदीच सोसेना की कुणाकडून तरी उपटून घ्यायची. उपटणारा शिकलेला असेलच असं नव्हतं. देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं ते १९२० साली. मुंबईत नायरचं निघालं १९३३ मध्ये. दंतवैद्यकाचा कायदा तर १९४८ चा, आणि त्यातही नोंदवहीचे दोन भाग होते: एकात पदवीवाले, दुसऱ्यात पदवी नसलेले पण आधीपासून याच धंद्यावर पोट असलेले. तुला हे पाठ असेल, पण पुस्तिका वाचणाऱ्या पेठेतल्या माणसाला ते ठाऊक नाही. डॉक्टरांनी पाटी लावली तेव्हा तो कायदा नवाच होता, आणि त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला तोही त्यांच्या हयातीत. एवढं सांगितलंस तरी दीर्घायुष्य म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळेल.

आता माझी खरी हरकत. तू लिहिलं आहेस, ‘अशिक्षित, अडाणी जनतेत त्यांनी दातांविषयी जागृती केली.’ हे वाक्य खोड. लोक अडाणी नव्हते, हिशेबी होते. दाढ काढायला एक खेप पुरते. तीच वाचवायची तर मुळापर्यंत साफ करून, औषध भरून, वर टोपी बसवेपर्यंत चार खेपा होतात, आणि गिरणीतल्या किंवा मागावरच्या माणसाला प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. शिवाय काढायला पैसे कमी. मग तो ‘काढूनच टाका’ म्हणणार नाही तर काय? डॉक्टरांनी हे ओळखलं. त्यांनी भाषणं दिली नाहीत, दवाखान्याची वेळ बदलली. पाळी सुटल्यावर येणाऱ्यांसाठी ते रात्री उशिरापर्यंत बसत आणि एका बैठकीत होईल तेवढं काम उरकून घेत. पैसे आठवड्याला थोडे थोडे आले तरी चालत. दात वाचवायला हाताचं कौशल्य लागतंच, पण भवानी पेठेत त्याआधी समोरच्याचा दिवस वाचवावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. पुस्तिकेत बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये. जुनी मिल गेली, पुढे लक्ष्मी-विष्णू बंद पडली, तेव्हाही माणसं त्यांच्याकडे येत राहिली त्याचं कारण हेच आहे.

त्यांच्या भाषेबद्दल तू एक ओळ लिहिली आहेस. ती वाढव. घोंगडे वस्तीतला पद्मशाली विणकर खुर्चीत बसला की ते ‘नोरु तेरवंडी’ म्हणत, अक्कलकोटकडून आलेल्या म्हातारीला ‘बायी तेगीरी’, आणि मोमीन घरातल्या पोराला ‘मूँ खोलो बेटा’. भेदरलेल्या माणसाला आपली भाषा कानावर पडली की जबडा थोडा सैल होतो. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली, इंजेक्शनाआधी हे किती कामाला येतं ते मला माहीत आहे.

मिश्रीचं मात्र नीट आणि सविस्तर लिही. विड्या वळणाऱ्या बायका, मागाच्या घरातल्या बायका, सकाळी तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड दातांना चोळणाऱ्या. भूक मरते, कामाला हुशारी वाटते, म्हणून लागलेली सवय. डॉक्टर कुणालाही झापत नसत. दात कुठलाही दुखत असो, ते आधी दोन्ही गाल आतून बघायचे, जीभ उचलायला लावून खालची बाजू बघायचे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटं आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काही दिसलं की दाताचं काम बाजूला. नवऱ्याला किंवा मुलाला बोलावून समोर बसवायचे आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून द्यायचे. पुढच्या आठवड्यात कंपाउंडरला घरी पाठवून ती बाई गेली की नाही याची चौकशी करायचे. पुढे पोरांच्या तोंडी गुटखा आला. २०१२ मध्ये सरकारने बंदी घातली, तरी पुड्या काही थांबल्या नाहीत, आणि तीच तपासणी ते अठरा-वीस वर्षांच्या मुलांची करू लागले. हे लिहिताना आकडे रचू नकोस. ‘शेकडो जीव वाचवले’ असं आपल्याला म्हणता येत नाही. ते काय बघत आणि मग काय करत, तेवढंच लिही. पुस्तिका घरोघर जाणार आहे, ती वाचून एखादी बाई आरशासमोर गाल ताणून बघेल.

हत्यारांचा भाग थोडक्यात आटप. लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं, हवेवर फिरणारं वेगवान ड्रिल १९५७ च्या सुमारास निघालं. त्याआधीची घरघर ज्यांनी सोसली त्यांना वर्णनाची गरज नाही. काचेची सिरिंज उकळण्यापासून ऑटोक्लेव्हपर्यंत ते स्वतःहून बदलत गेले, हे एका वाक्यात येईल.

कवळीची गोष्ट मात्र छापू नकोस. कुणाच्या लग्नाआधी कुणाची कवळी कशी रातोरात तयार झाली, हे तू घरात ऐकलेलं आहेस आणि तुझ्या मजकुरात ते आलं आहे. नाव नाही हे खरं, पण पेठेत गल्ली सांगितली की माणूस ओळखू येतो. डॉक्टरांनी ते गुपित शेवटपर्यंत पोटात ठेवलं. त्यांच्या आठवणीच्या पुस्तिकेतून ते फुटावं, हे मला सहन होणार नाही. त्यांच्या जुन्या वह्या मुलाने तुझ्याकडे दिल्या आहेत ना? त्यातून कामाची पद्धत समजून घे, पेशंटचं एकही नाव उतरवून घेऊ नकोस, आणि वह्या परत कर.

शेवटच्या वर्षांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, बहुधा संकोचाने. संकोच करू नकोस, मुलाला विचार आणि लिही. हात थरथरतोय हे त्यांचं त्यांना कळलं तेव्हा कुणी सांगायची वाट न बघता त्यांनी चिमटा खाली ठेवला. दात काढणं बंद, ड्रिल बंद. त्यानंतर ते फक्त तोंड बघून सल्ला द्यायचे आणि कामासाठी तरुण डॉक्टरांकडे पाठवायचे. पेशंट रागावले, ‘तुमच्याच हातचं पाहिजे’ म्हणून अडून बसले, तरी त्यांनी ऐकलं नाही. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी. तूही याच धंद्यात आहेस, म्हणून हा परिच्छेद दुसऱ्या कुणाकडून लिहून न घेता तूच लिही.

तारखा घरच्यांच्या तोंडून घेऊ नकोस, नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर अजून आहे, ते बघ. फोटो हार घातलेला नको. पांढऱ्या कोटातला, बाह्या दुमडलेला एक आहे, तो मागून घे. आणि कंपाउंडरकाकांना भेटल्याशिवाय पुढची ओळ लिहू नकोस. रात्रीच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांशेजारी उभे राहिलेले आता तेवढेच उरलेत. गड्ड्याची यात्रा सुरू झाली की पुण्याहून येणाऱ्या गाड्यांना गर्दी होते, त्याआधीच ये. काका दुपारी चारनंतर घरी असतात. त्यांना कमी ऐकू येतं, फोनवर काही जमणार नाही.

तुझी,
आत्या