एकच रस, तीन दगड

आप्पा कीर्तनकार होते. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात उभे राहत. त्यांचा लाडका दृष्टान्त सोन्याचा. पाटली आटवा, बांगडी आटवा, उरते ते सोनेच. नाव आणि रूप वरवरचे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला माती, सोने आणि लोखंड अशी तीन उदाहरणे देतो, ती आप्पा रंगवून सांगत. घरी मात्र त्यांचे चौथे उदाहरण असे. स्वयंपाकघरातला पाटा आणि देवघरातला काळा नंदी दाखवून म्हणत, "एकाच खाणीतला दगड, बयो. एकावर मिरच्या वाटायच्या, एकाला फूल वाहायचे. भेद आपला."

मी पुढे भूशास्त्र शिकले आणि तीस वर्षे शिकवले. अग्निजन्य खडकांच्या पहिल्याच तासाला आप्पा आठवले. या खडकांना नाव देताना मुख्यतः दोन गोष्टी बघतात: रस कशाचा होता आणि कण केवढे आहेत. सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असलेला शिलारस जमिनीवर येऊन थिजला तर बेसॉल्ट. वाटेत भेगेतच अडकला तर डोलेराइट. धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारख्या उभ्या दिसतात त्या त्याच्याच रांगा. खोल पोटात राहिला तर गॅब्रो. ग्रॅनाइट आणि रायोलाइट यांचेही तसेच. सिलिका जास्त, पण जोडी एकाच रसाची. मला वाटले, आप्पांचा सिद्धान्त इथे जसाच्या तसा छापलाय. द्रव्य एक, नावे अनेक.

हा दृष्टान्त उलट बाजूने बोलतो, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

बेसॉल्टचा रस अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला वाहतो. उघड्यावर तो भराभर निवतो, अणूंना जागा धरून रांगेत बसायला उसंत मिळत नाही, म्हणून कण इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. खोलवर हजारो वर्षे निवत राहिला तर तेच अणू एकमेकांना गाठतात आणि ठसठशीत स्फटिक होतात. एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये याचे प्रयोग मांडले. बेसॉल्टच्या जातीचा दगड भट्टीत वितळवून त्यांनी झटपट निववला, तर काच झाली; सावकाश निववला, तर पुन्हा दगड. बेसॉल्ट पाण्यात साचतो असे मानणारे मोठमोठे विद्वान त्या काळी होते, त्यांना हे उत्तर होते. मला ते आप्पांनाही उत्तर वाटते. द्रव्य तेच, भट्टी तीच, फरक फक्त वेळाचा. मग रूप वरवरचे कसे? त्या रसाला किती वेळ मिळाला, हे सांगणारे दगडात दुसरे काही नाही.

मंचर-जुन्नर भागात मी विद्यार्थ्यांना मुद्दाम नेत असे. तिथल्या एका थरात काळ्या बारीक दगडात फेल्डस्पारचे पांढरे, बोटाच्या पेराएवढे आणि त्याहूनही मोठे स्फटिक पसरलेले असतात. मोठे स्फटिक खाली सावकाश वाढले, भोवतालचा काळा दगड वर आल्यावर घाईने थिजला. एकाच तुकड्यात वाट पाहणेही आहे आणि निघणेही. तो तुकडा हातात धरून 'हे रूप मिथ्या' असे माझ्याच्याने म्हणवत नाही.

हे मी आप्पांना सांगितले होते. ते शांतपणे म्हणाले, "वितळव, मग सांग." बिनतोड होते. वितळवले की स्फटिक जातात, इतिहास जातो, रस उरतो. मी गप्प बसले.

उत्तर मला बोवेन वाचताना सापडले. नॉर्मन बोवेन यांचे अग्निजन्य खडकांच्या उत्क्रांतीवरचे पुस्तक १९२८ चे. शिलारस निवू लागला की ऑलिव्हिनसारखी खनिजे आधी घट्ट होतात आणि जड असल्याने खाली बसतात. उरलेला रस पहिला राहत नाही. त्यातली सिलिका वाढत जाते. म्हणजे रूप येते तेव्हा द्रव्यही बदलते. सोन्याची पाटली घडवताना उरलेले सोने चांदीकडे झुकत नाही. शिलारसाचे तसे नाही. ज्याला आपण मूळ म्हणतो, त्याच्यावर रूपाचे ऋण असते. हे सुचले तेव्हा आप्पा नव्हते. असते तर त्यांनी याच्याही मागचे मूळ विचारले असते, आणि तो प्रश्न मला आजही योग्यच वाटतो. अद्वैत खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते पटवून देताना रूपाची किंमत शून्य धरतात, ती धरू नये, एवढेच माझे म्हणणे.

पसरणी घाटातून पाचगणीला जाताना समोरच्या डोंगरांवर पायऱ्या दिसतात. एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर ते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा पसरला. आज उरलेला प्रदेशच जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर आहे. दोन पुरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. म्हणजे आग थांबली होती, वरचा दगड झिजून माती होण्याइतका अवधी मिळाला होता. तो विसावासुद्धा रूपातच लिहिलेला आहे.

आप्पांचा पाटा आता माझ्याकडे आहे. त्याच्या कडेला वाटाण्याएवढी दोन भोके आहेत. रसातून वायूचे बुडबुडे निसटू पाहत होते आणि दगड आधी थिजला. टाकी लावायला येणारी बाई त्या भोकांना नेहमी नावे ठेवते, मसाला अडकतो म्हणून.

कीर्तनकारांना माझी विनंती आहे. माती आणि सोन्याबरोबर बेसॉल्टचा एक ताजा फुटलेला तुकडाही झोळीत ठेवा, आणि दृष्टान्त सांगण्याआधी तो श्रोत्यांच्या हातात द्या.