कुणाच्या श्वासावर शिकायचं?

तंजावरच्या एका अतिदक्षता विभागात मी श्वसनोपचाराच्या विद्यार्थ्यांना शिकवते. पुतळ्यावर हात बसला, की एक दिवस खरा रुग्ण समोर येतो. घशात नळी असल्याने तो बोलू शकत नाही. नळीतला कफ ओढताना त्याचा श्वासही ओढला जातो. म्हणून आधी भरपूर प्राणवायू द्यायचा आणि १५ सेकंदांच्या आत थांबायचं. 'तेवढा वेळ तुम्हीही श्वास रोखा,' मी सांगते.

पण हा हक्क आम्हाला कुणी दिला? कुणावर तरी पहिल्यांदा करावंच लागतं, नाहीतर सराईत हात तयार व्हायचे नाहीत. मात्र तो 'कुणीतरी' बहुधा गरीबच असतो.

सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी इथल्या सरस्वती महालात आहेत. त्या काळी राजाला नाही कोण म्हणणार? आज पांढऱ्या कोटाला तरी कोण म्हणतं?

म्हणून आधी नातेवाइकांना विचारायचं. मग रुग्ण शुद्धीवर नसला तरी त्याच्या कानाशी तमिळमध्ये सांगायचं, 'मी विद्यार्थी आहे.' मी शेजारी उभी असते.

एवढ्याने ऋण फिटत नाही. पण ते आपल्यावर आहे, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळतं.