न बघता टाकलेलं हसू

नाशिकजवळच्या सिन्नरचे मनोहर जनार्दन दीक्षित १९२९ मध्ये मूकपटांत आले. पडद्यावर नाव नुसतंच 'दीक्षित'. अंगाने चांगले भरलेले. पुढे त्यांना घोरी नावाचा सडपातळ जोडीदार मिळाला. दादरच्या रणजित स्टुडिओच्या चित्रपटांतून ही जोडी इतकी चालली की लोक त्यांना 'भारताचे लॉरेल-हार्डी' म्हणायला लागले. म्हणजे आपले जाड्या-रड्या. तोवर बोलपट आले होते. 'चार चक्रम' (१९३२) आणि 'भूलभुलैयां' (१९३३) ही त्या जोडीची गाजलेली नावं. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले. दीक्षित १९४९ मध्ये वारले, पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

आता दीक्षितांना मूकपटात बघायचं म्हणून मोबाईल काढा. मी काढला होता. दोन-तीन रात्री शोधलं, एक मिनिटसुद्धा सापडलं नाही. फार नवल वाटायला नको. भारतात १,३०० हून अधिक मूकपट बनले आणि त्यातले उरलेत साधारण ३०, तेही बरेचसे तुटके. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चासुद्धा काही भागच शिल्लक आहे.

बाकीचे गेले कुठे? त्या काळातली फिल्म नायट्रेटची असायची. चटकन पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची. पण सगळा दोष हवामानावर टाकता येत नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. चित्रपट एकदा थिएटरांतून उतरला की त्याची कमाई संपायची, रिळं मात्र गोदामात जागा अडवून बसायची. मग ती भंगारात जायची आणि त्यांतून चांदी काढली जायची. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याचीही एकसुद्धा प्रत आज नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तोवर बहुतेक मूकपट वितळून, कुजून किंवा जळून गेले होते.

मला छळणारा प्रश्न असा आहे: यात कुणी काही वाईट केलं का?

रिळं विकणारा मालक खलनायक नव्हता. मूकपट आता कोण बघणार, हा त्याचा हिशेब तेव्हा बरोबरच होता. भंगारवाल्याने आणि चांदी गाळणाऱ्यानेही आपापलं काम केलं. प्रत्येकाचा हिशेब बरोबर, आणि सगळ्यांची बेरीज केली तर एका कलेची पहिली अठरा वर्षं जवळजवळ पुसली गेलेली. जिथे कुणीच गुन्हा केला नाही, तिथे अन्याय झाला असं म्हणता येतं का?

ज्यांनी जाणूनबुजून जाळलं, त्यांच्याबद्दल बोलणं सोपं आहे. चॅप्लिनने १९२६ मध्ये 'अ वुमन ऑफ द सी' नावाचा चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकाकडून बनवून घेतला होता. तो कधी प्रदर्शित झाला नाही, आणि १९३३ मध्ये करात सूट मिळावी म्हणून त्याची निगेटिव्ह जाळली गेली. हे वाचून राग येतो. पण निदान तिथे कुणीतरी ठरवलं होतं. काय जाळतोय हे जाळणाऱ्याला माहीत होतं. आपल्या मूकपटांच्या बाबतीत बहुतेक वेळा कुणी काही ठरवलंच नाही.

यात सगळ्यात जास्त मार बसला तो विनोदी नटांना. हरिश्चंद्राचं रीळ जळलं तरी हरिश्चंद्राची गोष्ट उरते. ती आजीला माहीत असते, पोथीत असते, कीर्तनात असते. विनोदी मूकपटाचं तसं नाही. जाडा माणूस खुर्चीवर बसायला जातो आणि पडतो, हे मी लिहून दाखवलं तर तुम्हाला हसू येणार नाही. पडण्याआधी तो किती क्षण थांबला, पडताना चेहरा कसा होता, उठताना आधी टोपी सावरली की आधी इकडेतिकडे बघितलं, सगळा विनोद त्यात असतो. बस्टर कीटन आज महान ठरतो तो त्याचं पडणं आपल्याला बघता येतं म्हणून. त्याच्या जुन्या घरात अभिनेता जेम्स मेसन राहायला आला, तेव्हा १९५० च्या दशकात तिथे फिल्मचे डबे सापडले. डबे उघडून बघणारं कुणीतरी भेटलं, हे कीटनचं नशीब. चॅप्लिन तर आपल्या बऱ्याच चित्रपटांचा स्वतःच मालक होता, त्यामुळे ते जपणं त्याच्या हातात होतं. स्टुडिओत काम करणाऱ्या आपल्या विनोदी नटांकडे रिळांची मालकी कुठून येणार? म्हणून दीक्षितांचा वारसा आज काय, तर एक लेबल: 'भारताचे लॉरेल-हार्डी'. त्यांची ओळखसुद्धा दुसऱ्याच्या नावाने.

हे मला इतकं का लागतं, ते माझ्या कामामुळे. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या हालचालींचं सॉफ्टवेअर सांभाळतो. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक डब्याला नंबर असतो, वजन असतं, मालाचा कोड असतो. मोठमोठी भंगाराची खेपही येते, आणि तिच्या नोंदीत मुख्य आकडा असतो वजनाचा. तो माल आधी काय होता, याला रकाना नाही. गोदामातलं दीक्षितांचं रीळही अशाच एखाद्या वहीत गेलं असणार: इतकं वजन, इतकी चांदी. हसू लिहायला त्या वहीत जागाच नव्हती.

बंदराच्या नावातच हे दिसतं. न्हावा आणि शेवा ही दोन गावं. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, त्याआधी शेव्याच्या कोळी कुटुंबांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात हलवलं. गावाचं नाव मात्र जगभरच्या कागदपत्रांत रोज छापलं जातं, 'आयएनएनएसए' या कोडच्या आत. तेही एक लेबलच. रॉटरडॅमच्या क्लार्कला तो कोड पाठ असेल, पण तिथे एक कोळीवाडा होता हे त्याला कुठून कळणार?

मागच्या वर्षी आमच्या टीमपुढे जुन्या गेट-नोंदी काढून टाकायचा प्रश्न आला. ट्रक गेटवर कधी आला, आत कधी गेला, अशा लाखो ओळी. सिस्टीमचं डिफॉल्ट होतं १८० दिवस, नंतर आपोआप डिलीट. हा आकडा कुणी ठरवला ते टीममध्ये कुणालाच आठवेना. मी म्हटलं, टाकण्याआधी एकदा बघू या. बघितलं, तर त्या दोन वेळांमधल्या फरकात ड्रायव्हर लोकांचे रांगेत गेलेले तास होते. 'वेटिंग' असा रकाना आम्ही कधी केलाच नव्हता. सगळं ठेवायला पैसे लागतात, त्यामुळे सगळं ठेवलं नाही. प्रत्येक महिन्यातला एक आठवडा ठेवला, बाकीचं पुसलं. पण काय पुसतोय ते माहीत असताना पुसलं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला पटतोही. सगळं जपायचा अट्टहास कशाला? नटाचं हसू त्या रात्री थिएटरात पोचलं, तिथेच त्याचं काम झालं. तमाशातल्या कितीतरी सोंगाड्यांच्या हजरजबाबीपणाचं रेकॉर्डिंग कुठे आहे, म्हणून ते वाया गेले का? शिवाय विसरणं ही चांगलीही गोष्ट आहे. आपण दहा वर्षांपूर्वी टाकलेल्या पोस्ट कुणी जपून ठेवू नयेत, असं आपल्यालाच वाटतं.

मान्य. विसरणं हा अन्याय नाही, आणि माणसाने सगळं साठवत बसावं असं मी म्हणत नाही. पण बघून टाकणं आणि न बघता टाकणं या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. बघून टाकणारा चुकू शकतो, पण त्याने त्या वस्तूला काहीतरी मानलेलं असतं. न बघता टाकणारा तिला फक्त वजन मानतो. आणि यात जबाबदारी शेवटच्या भंगारवाल्याची सगळ्यात कमी. ज्याने वहीचे रकाने आखले, ज्याने १८० दिवस लिहून ठेवले, त्याची जास्त. आज हे रकाने बरेचदा माझ्यासारखी, माझ्या वयाची मुलं आखतात. दुपारी चहा पिता पिता, एखाद्या कॉन्फिग फाइलमध्ये.

दीक्षितांचे मूकपट आता परत येतील असं वाटत नाही, तरी एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर डबा निघू शकतो. तुमच्या आजोबांच्या पेटाऱ्यातही काही असेल: कॅसेट, निगेटिव्हचं पाकीट, गॅदरिंगची सीडी. ठेवाच असं मी सांगणार नाही, घरं लहान असतात. पण भंगारवाला वजन करायच्या आधी एकदा उघडून बघा.