तुपाची वाटी आणि कुत्र्याचा कान

नामदेवांची गोष्ट आपल्याला लहानपणीच सांगितली जाते. कुत्रं पोळी तोंडात धरून पळालं, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी पोळी खाऊ नकोस, थोडं तूप घे, म्हणत. सांगणारा बहुधा इथेच थांबतो, कारण गोष्ट नामदेवांची आहे. पण एकदा ती कुत्र्याच्या बाजूने बघा. तोंडात पळवलेली पोळी, आणि मागून हातात काहीतरी घेऊन धावत येणारा माणूस. त्या हातात तूप आहे की दगड, हे कुत्र्याला कसं कळणार? माया सगळी माणसाच्या मनात आहे. कुत्र्याच्या वाट्याला आलाय तो फक्त पाठलाग.

घरच्या कुत्र्याचे कान साफ करायला बसलेल्या प्रत्येक माणसाची अवस्था थोडीफार अशीच असते. हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात कापूस, मनात शुद्ध काळजी. आणि समोरचा जीव खाटेखाली शिरून बसलेला. प्रश्न साधा वाटतो, पण नीतिशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात दडलेला आहे: ज्याला आपलं कारण कधीच समजणार नाही, त्याच्या भल्यासाठी त्याच्यावर बळजबरी करावी का? आणि करायचीच तर किती?

आधी कानाबद्दल. माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी. त्यामुळे आत गेलेलं पाणी, मळ, गवताचं कुसळ सहज बाहेर येत नाही. ओलावा आणि ऊब मिळाली की बुरशी आणि जिवाणू वाढतात. आता हा कान शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात नेऊन ठेवा. आषाढात भातलावणी चालू आहे, खाचरं तुडुंब आहेत आणि गावठी कुत्री दिवसभर ओली. गवतातून फिरून आली की कानाच्या घडीत गोचीड सापडते. समजा, अशाच एका घरात चांदी नावाची कुत्री आहे. दोन दिवस ती मान झटकतेय, पायाने कान खाजवतेय, आणि जवळ गेलं की आंबूस वास येतोय. कानात तपकिरी मळ दिसतोय. दुर्लक्ष केलं तर झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळतं आणि ती फुग्यासारखी सुजते. एखादी जखम उघडी राहिली आणि माशी बसली, तर अळ्या पडतात. पावसाळ्यात गावोगाव अशी कुत्री दिसतात. म्हणजे काही न करणं हासुद्धा एक निर्णय आहे, आणि त्याचीही वेदना चांदीलाच भोगावी लागणार आहे.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूच्या खटल्यात निकाल दिला. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही त्याच निकालाने थांबल्या होत्या. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने ते बदल मान्य केले. म्हशाच्या जत्रेत बैल बघत वाढलेल्या मुरबाड-शहापूरच्या माणसाला हा सगळा वाद तोंडपाठ असेल. पण २०१४च्या निकालातला एक भाग शर्यतीपलीकडचा आहे. न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला: भूक-तहानेपासून, भीती आणि तणावापासून, शारीरिक गैरसोयीपासून, वेदना-इजा-रोगापासून मुक्ती, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. यादी वाचताना पाचही गोष्टी एका ओळीत गुण्यागोविंदाने उभ्या असतात. चांदीच्या कानाशी आलं की त्यातल्या दोघींचं भांडण लागतं. रोगापासून तिला सोडवायचं तर भीती दाखवावी लागते, आणि भीती वाचवायची तर रोग वाढू द्यावा लागतो.

या भांडणातून सुटायचे दोन सोपे मार्ग लोक काढतात. पहिला गावात सर्रास ऐकू येतो: “मुक्या जनावराला काय इचारायचं? धरायचं नि औषध घालायचं.” दुसरा शहरात आणि इन्स्टाग्रामवर जास्त दिसतो: त्याला नको असेल तर नको, त्याच्या मनाविरुद्ध काही करू नये. पहिल्यात माणूस फक्त कान बघतो, कुत्रं बघत नाही. दुसऱ्यात कुत्रं बघतो आणि कान विसरतो. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: समोरच्याचा नकार नीट वाचण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

आणि नकार वाचता येतो. कुत्रं एकदम चावत नाही. आधी ते तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतं, अंग ताठ करतं. हे सगळं सांगूनही आपण ऐकलं नाही तर गुरगुरतं. गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, ती शेवटची सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं शहाणं होत नाही; ते पुढच्या वेळी सूचना न देता चावायला शिकतं. शिवाय नकारात माहिती असते. काल कानाला हात लावू देणारी चांदी आज देत नसेल, तर बहुधा ती हट्ट करत नाहीये, कान दुखतोय. डोकं एका बाजूला कलतं असेल, तोल जात असेल, कानातून रक्त किंवा पू येत असेल, तर घरी काहीही ओतायचं नाही. पडदा फाटलेला असू शकतो. तिथे नकार हेच निदान आहे आणि पुढचं काम पशुवैद्याचं आहे. जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींची रांग असली तरी कुत्र्यालाही तिथे जागा आहे.

म्हणजे पहिला प्रश्न ‘कसं धरू’ हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, ‘गरज आहे का?’ निरोगी, वास नसलेला, फिकट गुलाबी कान उगाच रोज कोरायची काही गरज नसते. जास्त कोरण्यानेही आग होते. पुष्कळदा स्वच्छतेची हौस आपली असते आणि हिशेब कुत्र्याच्या नावावर लिहिला जातो. बाळाचे कान टोचताना आपण असंच करतो. सोनारासमोर बाळ किंचाळतं, आणि आजूबाजूचे हसत म्हणतात, झालं झालं. तिथे कौतुक कोणाचं आणि रडणं कोणाचं, हे निदान स्वतःशी कबूल केलेलं बरं. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचं तत्त्व मांडलं, की एखाद्याच्या स्वतःच्या भल्यासाठीसुद्धा त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण लहान मुलांना त्याने त्यातून वगळलं. वगळणं समजण्यासारखं आहे. मात्र वगळल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. ज्याच्यावर सक्ती करायला परवानगी आहे, त्याच्यावर कशीही सक्ती करायला परवानगी आहे का?

इथे कुत्र्यांवरच झालेला एक प्रयोग आठवतो. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांना डोक्याने एक फळी दाबून झटका थांबवता येत होता. काहींना तेवढेच झटके मिळत होते, पण त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे लहानसा अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातली बहुतेक तिथेच पडून राहिली, झटके सोसत. प्रयोग क्रूर होता, आज तो तसा करू दिला जाणार नाही. पण त्यातून हाती आलेली गोष्ट घरोघरी उपयोगी आहे: शांत पडून राहणारं कुत्रं तयार झालेलं असतं असं नाही. त्याने आशा सोडलेली असू शकते. “आमचा अगदी गुपचूप बसतो हो,” असं आपण कौतुकाने सांगतो, तेव्हा यातलं कोणतं गुपचूप, हे तपासायला हवं.

पुढे २०१६ मध्ये या दोघांनीच आपला निष्कर्ष उलटा केला. लाचारी शिकवावी लागत नाही, असं मेंदूच्या अभ्यासानंतर त्यांनी लिहिलं. लांबलेल्या त्रासापुढे हतबल होणं ही उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या करण्याने काहीतरी बदलतं, हे. मला वाटतं, कानाच्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्याच्या आसपास आहे.

चांदी उपचाराला संमती देऊ शकत नाही, हे खरं. ‘आज थोडा त्रास, पुढच्या आठवड्यात आराम’ हा हिशेब तिच्या आवाक्याबाहेर आहे. पण ‘आत्ता थांब’ आणि ‘आत्ता चालेल’ हे ती सांगू शकते. पूर्ण उपचाराला संमती नाही, तरी एका क्षणाला आहे. चिराग पटेल नावाच्या प्रशिक्षकाने लोकप्रिय केलेला ‘बकेट गेम’ यावरच उभा आहे. डब्यात खाऊ ठेवायचा. कुत्रं डब्याकडे बघतंय तोवर काम चालू. त्याने नजर हटवली की हात बाजूला. डब्याऐवजी पोतं चालेल, त्यावर ती बसली तर सुरू, उठली तर बंद. पहिल्या दिवशी फक्त कानाजवळ हात नेऊन उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. मग पाळी उचलायची. मग बंद बाटली दाखवायची. मग कोरडा कापूस. मग पशुवैद्याने दिलेलं औषध, तेही हातात धरून कोमट केलेलं, कारण गार थेंब दचकवतो. औषध सोडल्यावर कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट हलकं चोळायचं, मग तिला मान झटकू द्यायची. वर आलेला मळ तेवढा कापसाने टिपायचा. काडी आत घालायची नाही, मळ आणखी खोल जातो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, घरचं तेल, यातलं काही ओतायचं नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एवढा वेळ कोणाकडे आहे? ज्या तालुक्यातली भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन लांब जातात. तिथे कुत्र्याची मर्जी राखा असं सांगणं हे भरल्या पोटाचं बोलणं नाही का? आक्षेपातला राग खरा आहे. पण गंमत अशी, की मर्जीचा धडा या गावांना नवा नाही. गावातलं कुत्रं साखळीला नसतं. त्याला आवडलं नाही तर ते उठून जातं, पेंढ्याच्या उडवीखाली पडून राहतं, रात्री भाकरीच्या वेळी येतं. गावकरी त्याच्याशी वागताना नकळत हे धरून चालतो, की हे जाऊ शकतं. कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला ही सोय नाही. त्याचं दार आपण बंद केलेलं आहे. म्हणून त्याला पोत्यावरून उठण्याची मुभा देणं हे लाड नव्हेत. जे दार आपण काढून घेतलं, त्यातला एक कोपरा परत देणं आहे.

आणि कानात अळ्या पडल्या असतील तर? तेव्हा पंधरा दिवसांची तयारी कोण करणार! तेव्हा धरावंच लागतं. बैलाला मळणीत बांधतात तसं फडक्याचं मुसकं बांधून, दोघांनी मिळून, झटपट, शक्यतो डॉक्टरांसमोर. चावा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस. पण अशी सक्ती उधारीवर घेतलेली असते. गरज होती म्हणून घेतली, म्हणजे ती फुकट झाली असं नाही. ती फेडायची असते: नंतरचे कित्येक दिवस कानाला हात लावायचा तो फक्त खाऊ देण्यासाठी. जो माणूस प्रत्येक वेळी ‘निकड होती’ म्हणतो आणि फेड कधीच करत नाही, त्याची निकड तपासून बघावी.

हे सगळं एका कुत्र्यापुरतं असतं, तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. आपल्यातल्या अनेकांच्या घरी एक आजी किंवा आजोबा असतात, ज्यांना आता सगळं नीट कळत नाही. त्यांना आंघोळ घालायची असते, गोळी द्यायची असते, नखं कापायची असतात. ते हात झिडकारतात. आपल्याला कामावर जायचं असतं, लोकल पकडायची असते. मग कोणीतरी हात धरतं, कोणीतरी तोंड उघडतं, आणि काम होतं. हेतूत खोट नसते. पण आपली सवय कुठे बनते? जो उलट बोलू शकत नाही, त्याच्याशी आपले हात कसे वागतात, हे हातांना कुठेतरी शिकावं लागतं. कुत्र्याच्या कानाशी ते शिकता येतं. चूक लगेच कळते, कारण कुत्रं तोंडदेखलं हसत नाही. आणि सुधारणाही लगेच कळते, कारण ते दुसऱ्या दिवशी आपणहून जवळ येतं किंवा येत नाही.

म्हणून चांदीने आज फक्त डाव्या कानाला हात लावू दिला असेल, तर आज डावा कान झाला. बाटली बंद करून ठेवा. उजवा उद्या.