मुलामा आणि ऐब

मुलामा हा अरबीतून आलेला शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. पण तो संशय बरोबर घेऊनच आला. ‘वरवरचा मुलामा’ म्हटले की फसवणूक आठवते. कल्हईचे तसे नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आत कथलाचा थर द्यायचा. हा थर उडतो, तो पुन्हा द्यावा लागतो, आणि हे घरातल्या सर्वांना माहीत असते. (उर्दूने मात्र कलईलाही सोडले नाही. तिथे कलई खुलते म्हणजे बिंग फुटते!) दोन्हीकडे काम एकच, धातूवर धातूचा थर. मग एकाची बदनामी का?

गंगापूर रोडवरील एका गॅरेजात जुनी प्रीमियर पद्मिनी उघडून ठेवलेली पाहिली, तेव्हा हा प्रश्न मला नव्याने पडला. मुंबईच्या रस्त्यावरून या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता ती शौकाची वस्तू झाली आहे.

जुन्या गाड्यांचे बंपर पोलादाचे असत, पण दारांची हँडल्स, मोनोग्राम असे नक्षीचे भाग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात दाबाने ओतलेले. त्यावर तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोम. हा क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. पोलाद तांबडे गंजते, जस्त आतून पांढरे फुलते आणि वर फोड येतात. असा भाग साफ करायला फार संयम लागतो. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश चालतो. तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा मात्र नको, दोन्ही जस्ताला खातात. वाळूचा मारा केला तर पृष्ठभाग खडबडीत होतो, बफिंग जास्त झाले तर मोनोग्रामची अक्षरेच झिजतात. हे मिश्रण पावणेचारशे-चारशे अंशांच्या आसपास वितळते, म्हणून तिथे वेल्डिंगची घाई करणारा मिस्त्री हातात थेंब घेऊन बसतो. खड्डे एकेक कोरून, तांब्याचा थर देऊन, कमी उष्णतेवर वितळणाऱ्या डाखाने भरायचे, घासायचे आणि पुन्हा प्लेटिंगला पाठवायचे.

मोनोग्रामला असे भरण दिले तर कोणाचे काय बिघडते? माझ्या मते काहीच नाही. तो शोभेचाच आहे. पण हँडल रोज ओढले जाते. आत चीर असलेल्या हँडलवर लांबी भरून क्रोम चढवले, तर चकाकी हीच खोटी साक्ष होते. गॅरेजमधले चाचा असा तुकडा प्लेटिंगला पाठवत नाहीत, आणि भरण दिलेल्या भागांची नावे बिलावर लिहितात. पुढे गाडी विकताना मालक ते बिल दाखवील की नाही, हे त्यांच्या हातात नाही. ऐब झाकणे आणि ऐब दुरुस्त करणे यांत फरक आहे तो इथे. आपण शिक्षकांनीही यावर विचार करावा. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना मारलेला चुना कोणत्या जातीचा असतो?

कायद्यालाही अस्सलपणाची व्याख्या करावी लागली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. क्रोमच्या छटेबद्दल नियम काही बोलत नाही. शौकीन मात्र बोलतात.

आणि खरी अडचण इथेच आहे. जुन्या पद्धतीच्या प्लेटिंगमध्ये सहा-संयुजी क्रोमियम वापरतात. त्याची वाफ वर्षानुवर्षे घेणाऱ्या कामगाराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडू शकते, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. सांडपाणी तसेच सोडले तर ते नदीपर्यंत जाते, आणि आपली नदी गोदावरी आहे. त्रिसंयुजी क्रोमियमचे प्लेटिंग पुष्कळ कमी घातक आहे. त्याची छटा थोडी वेगळी येते, एवढेच. ती निळसर झाक हवी म्हणून जो मालक हट्ट धरतो, तो अस्सलपणाचा भक्त म्हणवतो. मला ते पटत नाही. ज्या अस्सलपणासाठी दुसऱ्याने श्वास मोजायचा, तो माझ्या लेखी मुलाम्यापेक्षा वाईट.

चाचा हल्ली गिऱ्हाइकापुढे दोन्ही तुकडे उन्हात शेजारी ठेवतात. फरक ओळखा म्हणतात. बरेच जण चुकतात, काही ओळखतात, आणि त्यातलेही काही जुनेच मागतात.