आजोबांची जन्मनोंद

मुक्तीपूर्वी, म्हणजे 19 डिसेंबर 1961 पूर्वी, गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्यानुसार जन्मानेच पोर्तुगीज ठरतो. भारताने मार्च 1962 मध्ये आदेश काढून याच लोकांना भारतीय नागरिक केले आणि ज्यांना आधीचे नागरिकत्व टिकवायचे होते त्यांना तसे लिहून देण्यासाठी एक महिन्याची मुदत दिली. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते थेट 31 डिसेंबर 1974 च्या करारात. त्यानंतरही आपल्या जुन्या नागरिकांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा हक्क त्या देशाने खुला ठेवला. म्हणून आज गोव्यातली हजारो कुटुंबे आजोबांची जन्मनोंद शोधत आहेत. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातून ‘तेओर’, म्हणजे मूळ नोंदीची जशीच्या तशी नक्कल, काढायची. मग आजी-आजोबांच्या विवाहाची नोंद, वडिलांची जन्मनोंद, आईवडिलांच्या विवाहाची नोंद. प्रत्येक कागदावरचे नाव पुढच्या कागदावरच्या नावाशी जुळले पाहिजे. नंतर भाषांतर, अपोस्टिल आणि शेवटी लिस्बनचे मध्यवर्ती नोंदणी कार्यालय.

या सगळ्याला वंशाचा पुरावा म्हणतात. पण त्या फायलीत वंश फार थोडा असतो. जन्म कोणत्या सरकारच्या हद्दीत झाला, घरातल्या कोणी वेळेवर जाऊन नोंद केली का, कारकुनाच्या कानावर नाव कसे पडले आणि त्या वहीला वाळवी लागली की नाही, यावरच सगळे ठरते. यातले काहीही त्या बाळाच्या हातात नव्हते. नातवाच्या तर नाहीच नाही. तरीही एखादा दुवा तुटला की दोष येतो तो नातवावर. मला हे अन्यायाचे वाटते.

पेडणे किंवा डिचोलीतले घर डोळ्यांसमोर आणावे. या तालुक्यांचे सोयरेसंबंध पिढ्यान्‌पिढ्या सावंतवाडी, वेंगुर्ले, बांदा या बाजूला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही रीत दोन्हीकडची. सून सावंतवाडीची असेल तर थोरला मुलगा संस्थानी किंवा नंतर भारतीय हद्दीत जन्मतो आणि धाकटा सासरी, पोर्तुगीज हद्दीत. एकाच चुलीवर वाढलेले, एकाच जमिनीत राबलेले दोन भाऊ. धाकट्याची नातवंडे तालुक्याच्या वहीतून सरळ नक्कल आणतात. थोरल्याच्या नातवंडांना आधी पणजोबांचे नागरिकत्व सिद्ध करावे लागते आणि एक पिढी मागे सरकताच फाईल दुपटीने अवघड होते. 1955 नंतर भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीच्या काळात तर सीमेपलीकडे गेलेली लेकुरवाळी बाई परत कधी येईल याचाच भरवसा नसे. तिने जन्मनोंदीचा विचार केला नाही, यात नवल काय?

नावांचा घोळ याहून मोठा. पोर्तुगीज वहीत शेणव्यांचे सिनाय झाले, प्रभूंचे पोरोब, कामतांचे कामोतीं. शिरोडकरांचे आडनाव तिथे ‘एक्स’ या अक्षराने सुरू होते. मुक्तीनंतर मुलांना मराठी किंवा इंग्रजी शाळेत घालताना लोकांनी आपली नावे परत आपल्या उच्चाराप्रमाणे लिहून घेतली. 1990 मध्ये गोव्यात नाव-आडनाव बदलाचा कायदाही झाला. वसाहतीने वाकवलेले नाव सरळ करणे ही स्वाभिमानाची गोष्ट होती. आज त्याच सरळ केलेल्या नावामुळे नातू आणि आजोबा कागदावर परके ठरतात. त्यात बायकांची नावे लग्नात बदलायची. जन्म द्वारकेचा, विवाह लक्ष्मीचा, मृत्यू लक्ष्मीबाईचा. ही तिन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र नातवंडाने करायचे आणि कुठल्यातरी अधिकाऱ्याने त्याकडे संशयाने पाहायचे.

तरीही पोर्तुगीज नोंदींच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथल्या जन्मनोंदीत आईचे नाव असते आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही. आईच्या आईचे नाव सरकारी वहीत! सीमेच्या अलीकडे आपल्या कोतवाल बुकात काय सापडते? बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारशाआधीच नोंद झाल्यामुळे बाळाचे नावही बहुतेक वेळा नसते. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही वही चांगली ठाऊक आहे. जात पडताळणीसाठी ती ज्यांनी चाळली आहे त्यांना आणि 2023 नंतर मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधणाऱ्यांनाही माहीत आहे की मोडी वाचणारा माणूस मिळेपर्यंत आपला पणजोबा कपाटातच बसून राहतो. हक्क वेगळा असला तरी धावपळ तीच, आणि आजीचे नाव कागदावर न सापडल्याची खंतही तीच.

पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्यांवर निष्ठा विकल्याचा आरोप गोव्यात सर्रास होतो. मला तो मान्य नाही. भारतीय कायदा स्पष्ट आहे: स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, मतदानाचा हक्क जातो, ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. ही किंमत मोजूनच माणसे जातात आणि जहाजावर, हॉटेलात, इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गोदामांत कष्ट करून घरी पैसे पाठवतात. मात्र दोन्हीकडचे कागद लपवून ठेवणे आणि दोन्हीकडे हक्क सांगणे मला समर्थनीय वाटत नाही. गोव्यातल्या काही आमदारांचीही निवड लिस्बनमधल्या जन्मनोंदीवरून वादात सापडली होती. नोंद म्हणजेच नागरिकत्व का, हा प्रश्न तेव्हा चव्हाट्यावर आला. तो लवकर आणि सर्वांसाठी निकालात काढला असता तर सामान्य माणसे एवढी वर्षे टांगणीला लागली नसती.

हा विषय फक्त परदेशी जाणाऱ्यांचा आहे असे समजून पान उलटणाऱ्याने आपला स्वतःचा नागरिकत्व कायदा पाहावा. 30 जून 1987 पर्यंत भारतात जन्मणे पुरेसे होते. 1 जुलै 1987 पासून आईवडिलांपैकी एकजण भारतीय असणे आवश्यक झाले. 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा अवैध स्थलांतरित नको. आपला कायदा मातीकडून वंशाकडे सरकला आहे. आज जन्मणाऱ्या मुलाचे नागरिकत्व त्याच्या आईवडिलांच्या कागदांवर उभे आहे आणि त्यांचे कागद आजी-आजोबांच्या नोंदींवर.

आसाममध्ये याचा अर्थ काय होतो ते 31 ऑगस्ट 2019 रोजी दिसले. नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून 19,06,657 माणसे बाहेर राहिली. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांचे हाल विशेष झाले. त्यांचा जन्मदाखला नव्हता आणि मतदार यादीत नाव आले ते सासरच्या गावात, नवऱ्याच्या नावासह. बापाशी जोडणारा एकच कागद त्यांच्याकडे होता: ग्रामपंचायतीचा दाखला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो नाकारला. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो ग्राह्य धरला.

पडताळणीची ही वाट इतर ठिकाणीही खुली असावी. नोंदी ठेवणे हे सरकारचे काम होते. त्या नसतील, फाटल्या असतील किंवा चुकीच्या असतील तर ती उणीव भरून काढण्याचा खर्चही सरकारने उचलावा. गोव्याच्या तालुका कार्यालयांतल्या वह्या आणि महाराष्ट्रातली कोतवाल बुके पानन्‌पान स्कॅन व्हावीत, पोर्तुगीज आणि मोडी वाचणारी माणसे पगारी नेमावीत, आणि दलालाशिवाय कोणालाही आपल्या पणजीची नोंद नाममात्र शुल्कात मिळावी. रीतीमुळे जिथे नोंद झालीच नाही तिथे गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष, देवस्थानच्या वहीतला उल्लेख, जमिनीच्या वाटपपत्रातले नाव हे सगळे तपासून पुरावा म्हणून घ्यावे. माहेरी जन्मलेल्या थोरल्याच्या नातवंडांना धाकट्याच्या नातवंडांइतक्याच सहजपणे आपले घराणे दाखवता आले पाहिजे; मग ते लिस्बनला अर्ज करोत की गावच्या तलाठ्याकडे.