फक्त व्हिडिओ काढत होतो

बाळ्या,

तलवारीनं केक कापल्याच्या प्रकरणातली तुझी बाजू तुझ्या आईनं फोनवर सांगितली. तलवार त्या ‘भाई’ची, केक त्याचा, वाढदिवसही त्याचाच, तू फक्त व्हिडिओ काढत होतास. तीस वर्षं मी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसले. हा ‘फक्त’ किती वेळा बडवला असेल, त्याला गणती नाही. फक्त गाडीवर मागे बसला होता. फक्त कुणीतरी दिलेला मोबाइल ठेवून घेतला होता. फक्त मारामारी बघत उभा होता. जामीन अर्जातला हा शब्द कधीकधी खराही असतो. पण तो खरा की खोटा हे ठरायला वर्षं जातात आणि नावं मात्र त्याच संध्याकाळी लिहून होतात.

तू पोरांना म्हणालास म्हणे, “काय होतंय बे, अठराच्या आत हाय मी, निबंध लिहायला लावतील.” पुण्याच्या त्या गाडीच्या प्रकरणातून हे शिकलास ना? मग पुढचंही वाचायचं होतंस. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला अठराच्या आतल्या एका पोराच्या गाडीच्या धडकेत दोघं तरुण जिवानिशी गेले. तीनशे शब्दांच्या निबंधावर सोडलेल्या त्या पोराला तीन दिवसांत निरीक्षणगृहात पाठवलं. बाप अटकेत गेला, आजोबा गेले, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरही गेले. निबंध तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

तरी कायदा तुला सवलत देतो, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात. तू सतरा वर्षं दहा महिन्यांचा. म्हणून तुला लॉकअपमध्ये ठेवलं नाही, म्हणून तुझं प्रकरण कोर्टाऐवजी बाल न्याय मंडळापुढे चालेल. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली एक तरी बाई असते. तुझं नाव, तुझा चेहरा छापायला कायद्यानं बंदी आहे. पुढे या प्रकरणामुळे तुझी नोकरी अडू नये, नोंदीसुद्धा मुदतीनंतर नष्ट व्हाव्यात, अशी तरतूद आहे. पोरानं पुन्हा नव्यानं सुरुवात करावी, हेच २०१५ च्या त्या कायद्याच्या मनात आहे. आता गंमत बघ. सरकार तुझा चेहरा झाकायला निघालंय आणि तुम्ही तो गाणं लावून गल्लीभर वाटून बसलात! नोंद नष्ट करता येते रे, दुसऱ्याच्या मोबाइलमधली रील कुणी नष्ट करायची?

हाच केक दोन महिन्यांनी कापला असता, तर वर लिहिलेलं काहीएक लागू नव्हतं. शस्त्र कायद्याची कलमं थेट कोर्टात चालली असती, त्यांना जोडून सामाईक इरादा. आमच्या वेळी त्याला नुसतं ‘चौतीस’ म्हणायचे, आता न्याय संहितेत तीन पोटकलम पाच. तू पहाटे पाचला उठून सोळाशे मीटरची तयारी करतोस. पोलीस भरतीत पळणं वीस गुणांचं, पण चारित्र्य पडताळणीला गुण नसतात. तिथं अडकला की अडकला. गुन्हा दाखल आहे का, असं फॉर्मात विचारतात. ‘नाही’ लिहून लपवावं, तर लपवलं म्हणून नेमणूक जाते. असे अर्ज घेऊन आलेली पोरं मी पाहिली आहेत. छाती भरलेली, पाय तयार, आणि चार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी रात्रीसाठी माझ्यासमोर स्टुलावर बसलेली.

तुझ्या भाईचं काय होईल, मला ठाऊक नाही. पण तडीपार झालेल्या एकाच्या आईचा अर्ज मी टाइप केला होता, तो अजून आठवतो. तडीपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले तेव्हा तो कर्नाटकात कुणा लांबच्या मामाच्या पडवीत पडून होता. त्याच्या वाढदिवसाला तलवारी नाचवणारी पोरं यात्रेत पाळण्यात बसली होती.

“तुरुंगात काय मोठी माणसं पण गेलीत,” असंही तू आईला ऐकवलंस. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जातोस. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉनंतर पकडलेले धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या हातात केक नव्हता. पुन्हा असलं तोंडातून काढलंस तर मी येऊन कान धरीन.

आता तुझ्या आजोबांविषयी, अण्णांविषयी. तुला वाटतं ‘सेटलमेंट’ हे आपल्या वस्तीचं नाव. ते काटेरी तारेचं कुंपण होतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो आपल्याकडेही आला. तारेच्या आत रोजची हजेरी. गिरणीत कामाला जायचं तरी नोंद, परगावी जायचं तर पास. तुझ्या पणजोबांनी काय चोरलं होतं? काही नाही. जन्म घेतला होता. देश १९४७ ला सुटला. तो कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पाच वर्षं सोळा दिवसांनी. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते.

तार निघाली, शिक्का निघाला नाही. गिरणीत पत्ता सांगितला की मुकादम त्यांचे खिसे चाचपायचा. वस्तीत शेजारच्या पेठेतल्या चोरीची बातमी आधी पोचायची, मग पोलिसांची गाडी. अण्णांनी एकतीस वर्षं गिरणीत काढली आणि कधी कुणाची सुपारीसुद्धा न विचारता उचलली नाही. आपल्याला तसं जगणं परवडत नाही, म्हणायचे. मला तेव्हा याचा राग यायचा. दुसऱ्यांच्या पोरांना एखादी चूक परवडते, मग आपल्यालाच का नाही? राग अजून आहे. तू गुन्हेगार झालास असं मी म्हणत नाही. पण जो शिक्का पुसायला त्या माणसाचा जन्म गेला, तो तू मित्राच्या केकसाठी कपाळी लावून घेतलास, आणि वर कॅमेरा धरलास.

कामाचं सांगते. मोबाइलमधलं काही खोडू नकोस; खोडलं असशील तर वकीलसाहेबांना आधी तेच सांग, पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा होतो. मंडळापुढे जाताना साधा सदरा घाल, केसांचा तो कोंबडा उतरव. विचारतील तेवढंच सांग आणि ‘फक्त’ हा शब्द वापरू नकोस. भाईचा फोन आला तर उचलू नकोस. पहाटेचं पळणं चालू ठेव.

रविवारी इकडे ये. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवते. अण्णा ओट्यावरच असतात. मी त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही सांगू दिलेलं नाही. ते तू सांगायचंस. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्यानं बोलावं लागेल.

तुझी
आत्या